मृगाची वाट पाहू नका: कौलारू घराची आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तयारी

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला, नेहमीच्या ११ जूनपेक्षा सोळा दिवस आधी. त्याच्या अगोदरचे चार-पाच दिवस अवकाळीने कोकण झोडपून काढलं होतं. आमच्याकडे शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवण्याचं काम, दरवर्षीप्रमाणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात काढलेली. मागलं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, उतरवून कौलं अंगणात रचली होती, वर कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, नुसत्या रिपा होत्या, आणि दुपारी तीनला पाऊस आला. माजघरातली भाताची कणगी जागची हलेना. तिच्यावर ताडपत्री टाकली, चौघांनी चार टोकं धरली, तरी तळाचं भात भिजलंच. त्या दिवसापासून आमच्या घरात १० मे ही तारीख ठरली आहे. मृग ७-८ जूनला लागतो, पण छप्पर त्याच्या भरवशावर ठेवायचं नाही. छपरावरचं सगळं काम १० मेच्या आत, बाकीचं त्याच्या मागून. ही यादी त्याच क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम माणसांचं. शिमगा आटोपला की शाकारणाऱ्यांना सांगून ठेवा. एप्रिल उजाडला की गावातले हाताशी असलेले सगळे आंब्याच्या आणि काजूच्या बागांत गुंततात आणि मेमध्ये प्रत्येक घराला एकदमच माणसं हवी असतात. कौलांवर सराईतपणे चालणारे आता गावागणिक दोन-चारच उरलेत. त्यांना दिवस आगाऊ विचारून, कॅलेंडरवर लिहून, आदल्या आठवड्यात पुन्हा आठवण करावी लागते.

माणसं यायच्या आधी घर तुम्ही स्वतः तपासा, आणि ते आतून तपासा. भर दुपारी, बारा ते एकच्या दरम्यान, माळ्यावर जा. खिडक्या-दारं लावून दिवा बंद करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं नुसतं बसा. मग वर बघा. कौलांच्या सांध्यांतून केसासारख्या बारीक उजेडाच्या रेघा दिसतील, त्यांची काळजी नको, तिथून घर श्वास घेतं. पण जिथे नाण्याएवढा कवडसा खाली पडतो किंवा फुटक्या काचेसारखी वेडीवाकडी तिरीप येते, ते कौल गेलं. लगेच खालच्या रिपेवर खडूने फुली मारा. बॅटरी लावून वाशांवरचे काळे ओघळही बघा. पाणी जिथे टपकतं तिथेच कौल फुटलेलं असतं असं नाही. ते वरच्या फटीतून शिरतं, वाशाच्या पोटाला धरून चार-पाच हात खाली उतरतं आणि गाठ किंवा सांधा आला की तिथे थेंब सोडतं. म्हणून ओघळाच्या मागे मागे वर जा, त्याचं उगमस्थान सापडेल. आमच्या देवघरावर तीन पावसाळे पाणी गळत होतं आणि तिथलीच कौलं आम्ही दरवर्षी बदलत होतो. फट होती पार आढ्याजवळ, छपराच्या माथ्याशी.

फुल्या मोजल्या की किती कौलं लागतील ते कळतं. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण १४० बसतात, त्यावरून अख्खं पाखं बदलायचं असेल तर हिशेब करता येईल. विकत घेण्याआधी मात्र तुमच्या छपरावरचं एक जुनं कौल उतरवून सोबत न्या. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या पट्ट्यात अनेक कारखाने झाले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. कौल पालथं केलं की मागे कारखान्याचा ठसा दिसतो. दोन साच्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि गळती नेमकी तिथून सुरू होते. वेगळ्या साच्याची कौलं घ्यावीच लागली तर ती मधेमधे घुसडू नका. एका पाख्याची चांगली कौलं काढून दुसऱ्या पाख्याला वापरा आणि नवी सगळी एकाच पाख्यावर चढवा. कौल घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. गरजेपेक्षा वीस-पंचवीस जास्त घेऊन पडवीत उभी रचून ठेवा. भर श्रावणात माकडांनी किंवा नारळाने कौल फोडलं तर दुकान शोधत फिरावं लागू नये.

शाकारणी सकाळी लवकर सुरू करायची. उन्हं चढली की कौलांवर पाय ठरत नाही. शेवाळ आधी वाळलेलं असतानाच काथ्याच्या ब्रशने काढून घ्या. पाय नेहमी रिपेवर येईल असा टाकायचा, कौलाच्या मधोमध नाही, आणि एकट्याने कधीही चढायचं नाही. साठी ओलांडलेल्यांनी खालून देखरेख करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. वर गेलेल्या माणसाला तीन गोष्टी मुद्दाम बघायला सांगा. आढ्यावरच्या कोन्यांचा, म्हणजे माथ्यावरच्या कौलांचा, गिलावा कुठे सुटलाय का, दोन पाखी जिथे आत मिळतात त्या पत्र्याच्या पन्हळीत पाचोळा आणि गंज किती आहे, आणि वळचणीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, शेवटची ओळ घट्ट आहे का. वारा छपरात शिरतो तो वळचणीतूनच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडापर्यंत घरांची कौलं आणि पत्रे उडाले. पडवीला पत्रे असतील तर प्रत्येक हूक आणि त्याखालचं वायसर हाताने हलवून बघा, सैल असेल ते आवळा, कुजलेलं वायसर बदला.

त्याच आठवड्यात माडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलवून घरालगतच्या माडांच्या सुक्या झावळ्या आणि जून नारळ उतरवून घ्या. फणसाची फांदी छपरावर आली असेल तर तीही तोडा. विजेच्या तारेला लागलेली फांदी मात्र स्वतः तोडू नका, वायरमनला कळवा.

छप्पर उघडं असताना लाकूड बघून घेण्याची संधी दवडू नका. पूर्वी चुलीचा धूर वर्षभर वाशांना लागायचा, वासे काळे कुळकुळीत व्हायचे आणि कीड सहसा धजायची नाही. घरोघरी गॅस आला तसं हे राखण संपलं. वाशावर कोयत्याची मूठ आपटत जा. पोकळ आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर वाळवीने पोखरलंय. खाली पिवळट भुसा पडलेला दिसला तर भुंगा आहे. जोत्यावरून आणि चिऱ्याच्या भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या दिसल्या की त्या नुसत्या झाडून टाकू नका. त्या जमिनीत कुठे उतरतात ते बघा आणि औषध तिथे घाला. उरलेल्या चांगल्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची आमच्याकडे जुनी रीत आहे आणि ती उपयोगी पडते. हातमोजे मात्र हवेतच, ते तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात.

कोकणचा पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्यावर आडवा येतो. त्यामुळे पश्चिमेची भिंत आणि पडवी यांना झड लागते. माडाच्या झावळ्या पाण्यात भिजवून विणलेली झापं लावली तर वारा अडत नाही, पाणी तेवढं अडतं. प्लास्टिक लावणार असाल तर वर-खाली वितभर मोकळं सोडा, नाहीतर पहिल्याच वादळात ते शिडासारखं फुगून खांबासकट ओढतं. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला तर आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं आणि आतल्या बाजूला पापुद्रे सुटतात. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा बरा.

आता घराभोवतीचं पाणी, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पागोळ्या जिथे पडतात तिथे चर हवा आणि त्याला घरापासून बाहेर उतार हवा. बादलीभर पाणी ओतून बघा, पाणी जोत्याकडे वळलं तर उतार उलटा आहे. ज्यांचं घर डोंगर कापून केलेल्या सपाटीवर आहे त्यांनी मागच्या दरडीकडे याहून गांभीर्याने बघावं. दरडीच्या माथ्यावर चर खणून वरचं पाणी बाजूला काढा. संरक्षक भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं मातीने बुजली असतील तर सळईने मोकळी करा. वरच्या जमिनीत नवी भेग पडलीय का, झाडं किंवा खांब कलले आहेत का, कधी नव्हता तिथे गढूळ झरा फुटलाय का, दारं अचानक चौकटीत अडकू लागलीत का, हे पावसाळाभर बघत राहा. यातलं एक जरी दिसलं आणि पाऊस दोन दिवस थांबला नसेल, तर रात्र त्या घरात काढू नका. कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून, त्यांना सांगून ठेवा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, त्याच दिवशी चिपळूण पुरात बुडालं. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण एक गोष्ट तुम्हालाच करायची आहे. मीटरपेटीतल्या आरसीसीबीवरचं ‘टी’ अक्षराचं बटण दाबून बघा. खटका पडला तर तो ठीक आहे, पडला नाही तर त्याच दिवशी बदला. विजेची गळती पकडणारा हा खटका घरात ३० मिलिअँपिअरचा असावा. नसेलच तर बाकीच्या खर्चातून कपात करा, पण हा बसवा.

विहिरीचा कठडा, भोवतालची फरशी आणि तिथला निचरा मेमध्येच नीट करा, म्हणजे अंगणातलं पहिलं पाणी विहिरीत उतरणार नाही. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालताना अंदाजपंचे घालू नका. हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होतं, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळ विहिरीत सोडायची आणि ढवळून तासभर थांबायचं. गढूळ पाण्याला जास्त लागते, म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाण्यात क्लोरीन पुरेसं आहे का ते दाखवणारी ओटी चाचणी करून घ्या.

घरातली कामं मेच्या शेवटच्या उन्हात उरकतात. गाद्या-गोधड्यांना दोन कडक उन्हं द्या. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, शिधापत्रिका प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात घाला आणि डबा माळ्यावर ठेवा. लाकडं, शेणी, नारळाची सोडणं घराला चिकटून रचू नका. आमच्या भागात फुरसं, हा विषारी साप, त्याच ढिगाऱ्यात सापडतं. जमिनीपासून हातभर उंच मांडवावर रचा आणि रात्री तिथे बॅटरीशिवाय हात घालू नका.

मुंबईला परतणाऱ्यांनी घर पेटीसारखं कडेकोट बंद करू नये. वरचे झरोके जाळी लावून उघडे ठेवा, हवा खेळली नाही तर गणपतीला याल तेव्हा भिंतींवर बुरशी असेल. किल्ली शेजारच्या काकींकडे द्या आणि दर पंधरा दिवसांनी दारं उघडून वारा द्यायला सांगा.

पहिला जोराचा पाऊस आला की मात्र कुणीतरी घरात असायलाच हवं. बॅटरी आणि कोळशाचा तुकडा घेऊन पुन्हा माळ्यावर जा. मेमध्ये केलेल्या खडूच्या फुल्या एकेक करून बघा. जी कोरडी आहे तिच्यावर काट मारा, जिथे अजून ओल दिसते तिथे कोळशाने गोल करा. उघडीप मिळाली की पडवीतली कौलं आणि शिडी तयार आहेतच.