तरुण मांजर गंभीर आजारी असताना निर्णय कसे घ्यावेत

मांजर म्हातारं असलं की मनाची थोडीफार तयारी झालेली असते. पण परवापर्यंत पडद्यावर चढणारं आठ-दहा महिन्यांचं मांजर खाणं सोडून कपाटामागे जाऊन बसतं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प होतात, तेव्हा काय करायचं तेच सुचत नाही. घरात दोन मतं निघतात. एक म्हणतं, "अजून लहान आहे, झुंजेल." दुसरं म्हणतं, "एवढासा जीव, कशाला हाल करायचे?" दोघंही वयाकडे बोट दाखवतात, आणि नुसत्या वयावरून यातलं काहीच ठरत नाही. आजार नेमका कोणता आहे आणि मांजराचा आजचा दिवस कसा जातोय, या दोन गोष्टींवरून ठरतं. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. विचार करायला वेळ आहे का, ते आधी बघा

तोंड उघडं टाकून श्वास घेणं, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर पडणं, मागचे पाय एकाएकी लुळे होऊन गार लागणं, न थांबणारे झटके. यातलं काही दिसलं तर वाचणं सोडा आणि दवाखाना गाठा.

एक लक्षण मात्र हमखास नजरेतून सुटतं. तरुण बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये (शी-लघवीसाठीच्या ट्रेमध्ये) जातो, कुंथतो आणि थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नाहीये. प्रत्यक्षात लघवीचा मार्ग तुंबलेला असतो, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. असा बोका दवाखान्यात आणतात तेव्हा मेल्यात जमा दिसतो. पण मार्ग मोकळा केला, सलाईन लावलं की पुष्कळदा उठून बसतो. त्याची ती अवस्था बघून "आता सोडवूया याला" असं ठरवू नका.

दवाखान्यात पोचेपर्यंत माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखंच आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही तसंच धोक्याचं.

२. आजाराचं नाव पक्कं करून घ्या

"काहीतरी व्हायरल आहे" एवढ्यावर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. तरुण मांजरांमध्ये नावावर फार काही अवलंबून असतं, आणि याचं सगळ्यात ठळक उदाहरण एफआयपी.

फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस हा त्याचा लांबलचक विस्तार. मांजरांमधला एक साधा कोरोना विषाणू, जो एरवी फार तर जुलाब लावून जातो, काही मांजरांच्या शरीरात बदलतो आणि घातक होतो. दोन वर्षांच्या आतल्या मांजरांत हा जास्त दिसतो. उतरता न उतरणारा ताप, घटत जाणारं वजन, आणि पुष्कळदा पोटात किंवा छातीत साठलेलं पिवळं, चिकट पाणी. कधी पाणी नसतं, त्याऐवजी डोळे किंवा मेंदू यांवर परिणाम दिसतो. काही वर्षांपूर्वी हे नाव ऐकलं की बहुतेक डॉक्टर दयामरणाचाच सल्ला देत, आणि तेव्हा तो योग्यच होता.

२०१९ मध्ये चित्र बदललं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ हे औषध एफआयपी झालेल्या ३१ मांजरांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. २६ मांजरांनी किमान बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. त्यातल्या काहींचा आजार उलटला, त्यांना पुन्हा औषध दिलं. अखेर २५ मांजरं दीर्घकाळ जगली. आता हे औषध आणि त्याचाच भाऊ रेमडेसिव्हिर अनेक देशांत डॉक्टरांमार्फत मिळतं. त्यामुळे कुणी एफआयपीचं नाव घेऊन लगेच "काही उपयोग नाही" म्हणालं, तर नम्रपणे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. उपाय नाही हे ज्ञान जुनं झालंय.

यातली मेख अशी की एफआयपी सिद्ध करणारी एकच सोपी तपासणी नाही. रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडीज सापडणं म्हणजे एफआयपी नव्हे. धडधाकट मांजरांतही त्या सापडतात. वय, लक्षणं, रक्तातली प्रथिनं, साठलेल्या पाण्याची तपासणी असं सगळं जुळवूनच डॉक्टर निष्कर्षाला येतात.

बाकीची दोन नावं थोडक्यात. पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, उलट्या-जुलाबांनी मांजर वाळत जातं आणि पिल्लं पटापट दगावतात. मात्र पहिले पाच दिवस तगून राहिलेलं मांजर सहसा वाचतं, म्हणून इथे निर्णय एक-एक दिवसाने पुढे ढकलणं शहाणपणाचं. दुसरं नाव फेलाइन ल्युकेमियाचं, हाही विषाणूमुळेच होतो. एकदा टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे शिक्षा सुनावली असं नाही. काही मांजरं विषाणू दाबून टाकतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. खरोखर पॉझिटिव्ह मांजरही काही काळ, कधी काही वर्षं, मजेत जगू शकतं.

३. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा

"वाचेल का हो?" या प्रश्नाला कोणताही डॉक्टर गोलमोल उत्तर देणार. कागदावर प्रश्न लिहून न्या, उत्तरंही तिथेच लिहा. डोळ्यांत पाणी असताना ऐकलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं.

निदानाची खात्री कितपत आहे? आणखी एखादी तपासणी केली तर आपला निर्णय खरंच बदलेल का? (उत्तर "नाही" असेल तर ती तपासणी सोडून द्या. मांजराचा त्रासही वाचेल आणि पैसाही.) अशी दहा मांजरं आली तर उपचार घेऊन किती घरी जातात आणि घरी जाऊन कशी जगतात? फरक पडतोय हे कशावरून कळेल आणि किती दिवसांत? उपचार केलेच नाहीत, फक्त दुखणं आणि मळमळ थांबवली, तर पुढचे दिवस कसे जातील?

शेवटी हेही विचारा: "तुमचं मांजर असतं तर?" काही डॉक्टर टाळतात. पण जे उत्तर देतात, त्यांचं उत्तर बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा कामाचं असतं, असं माझं मत.

४. उपचाराला मुदत घाला

उपचार करायचे की नाही, असा एकदम सोक्षमोक्ष लावायची गरज बहुतेक वेळा नसते. "अमुक दिवस करून बघू, तोवर अमुक दिसलं तर पुढे जाऊ" असं ठरवा. एफआयपीवर योग्य औषध, योग्य मात्रेत सुरू झालं तर ताप पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि मांजर खायला मागतं. तसं झालं नाही तर मात्रा कमी पडतेय का, निदानच चुकलंय का, हे बघायची वेळ आली. मुदत ठरलेली असली की रोज सकाळी उठून तोच निर्णय नव्याने घ्यावा लागत नाही, आणि या दिवसांत माणूस त्यानेच जास्त दमतो.

५. रोजची नोंद ठेवा

आठवणीवर विसंबू नका. मांजराने एकदा मान उचलून पाहिलं की "आज बरं आहे" वाटतं, आणि एक वाटी तशीच राहिली की "संपलं सगळं" वाटतं. वही ठेवा. रोज त्याच वेळी वजन, खाल्लेलं अन्न, पाणी, लघवी-शी आणि अंग चाटून स्वच्छ केलं का, ते लिहा. दुखणाऱ्या किंवा खंगलेल्या मांजराची लव आधी विस्कटलेली, तेलकट दिसू लागते.

छातीत पाणी किंवा हृदयाचा आजार असेल तर श्वास मोजा. मांजर गाढ झोपलेलं असताना बरगड्यांकडे बघा. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिशा किंवा पंजे थरथरत असतील तर ते स्वप्नात आहे, थोडं थांबा. मग घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. शांत झोपेत आकडा साधारण ३० च्या आत हवा. तो सलग वर राहिला किंवा दर वेळी चढत गेला, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

दुखणं ओळखणं अवघड, कारण मांजर ओरडत नाही. ते दुखत असतानाही गुरगुरतं, तेव्हा गुरगुरणं म्हणजे समाधान असं धरून चालू नका. चेहरा बघा. माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली: कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त आले तर वेदनाशामक हवं. कान बाहेर वळून एकमेकांपासून लांब गेलेले, डोळे किलकिले, मिशा ताठ, मान खांद्यांच्याही खाली, हे रूप एकदा नीट पाहिलं की विसरत नाही.

एकूण जगणं मोजायला अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची पद्धत बरीच वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे; बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणं योग्य मानतात. पद्धत चांगली आहे, पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. श्वास घेता येत नसेल तर बाकीच्या सहा बाबींतले पैकीच्या पैकी गुणही ती कसर भरून काढत नाहीत.

६. जबरदस्तीने भरवण्याआधी थांबा

पिचकारीने घशात अन्न ढकलणं हा घराघरांत होणारा उपाय. मांजराला मळमळत असेल तर त्या अन्नाचीच त्याला शिसारी बसते, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. आधी मळमळीचं औषध, मग भूक वाढवणारं औषध, आणि आजार बरा होण्यासारखा असेल तर मानेतून बसवायची अन्ननलिकेची नळी, असा क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवा. ती नळी दिसते भयंकर, पण मांजरं ती घेऊन खुशाल हिंडतात, आणि औषधं देतानाची रोजची झटापट संपते.

७. पैशाचं आधी बोला

उपचार परवडत नाहीत हे सांगताना लोक मान खाली घालतात. घालू नका. पहिल्याच भेटीत "माझ्याकडे एवढे आहेत" असं सांगितलं तर डॉक्टर त्यात सगळ्यात उपयोगी काय ते निवडू शकतात. निम्मा उपचार करून मध्येच थांबणं सगळ्यात वाईट: पैसे गेले, मांजराने सुया सोसल्या आणि आजार आहे तिथेच. पूर्ण खर्चाचा अंदाज घ्या, त्यात पुन्हा करायच्या तपासण्याही धरा. झेपणार नसेल तर वेदना आणि मळमळ थांबवून चांगले दिवस देणं हाही उपचारच आहे.

८. रेषा आधी आखा

मांजर त्यातल्या त्यात बरं असेल त्या दिवशी घरातल्यांनी बसून लिहून काढायचं: काय झालं की थांबायचं. ते त्याच्या स्वभावातून यावं. दारावरची बेल वाजली की धावत येणारं मांजर सलग तीन दिवस जागचं हललं नाही. हातातला आवडता खाऊ हुंगून तोंड फिरवलं. औषध देऊनही झोप लागत नाही. रात्री दोनला मांजर धापा टाकत असताना आणि दोघांची दोन मतं असताना हे ठरवणं फार जड जातं. मतभेद झाले तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही लिहा. शक्यतो जो रात्री उठून त्याचं करतो, त्याचा असावा.

"आपोआप जाऊ दे, शांतपणे जाईल" यावर मात्र भिस्त ठेवू नका. छातीत पाणी भरून येणारं मरण शांत नसतं. श्रद्धेमुळे दयामरण मान्य नसेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि वेदनाशामक व गुंगीची औषधं घरी कशी द्यायची ते शिकून घ्या.

९. दयामरण ठरलं तर

सहसा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भूल देण्याच्या औषधाची मोठी मात्रा. मांजराची शुद्ध जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, क्वचित एखादा खोल श्वास आल्यासारखा दिसतो. तोवर त्याला काही जाणवत नसतं, पण हे आधी माहीत नसेल तर बघणारा हादरतो. जवळ थांबायचं की बाहेर, हे ज्याने त्याने ठरवावं. डॉक्टर घरी येतात का, शरीराचं पुढे काय करायचं आणि पैसे कधी द्यायचे, हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा. मुलांना खरं काय ते सांगा. कुठेतरी पाठवलंय म्हटलं तर ती दाराकडे बघत बसतात.

१०. घरातल्या दुसऱ्या मांजरांचं

निदान शेवटपर्यंत लागलं नसेल आणि घरात आणखी मांजरं असतील, तर शवविच्छेदनाचा विचार करा. मागे राहिलेल्यांसाठी त्याचा उपयोग होतो. बदललेला एफआयपीचा विषाणू सहसा एका मांजराकडून दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे बाकीच्यांना वेगळं ठेवण्याची घाई नको. पॅनल्युकोपेनियाचं तसं नाही. तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही. फरशी, भांडी, लिटरचा ट्रे आधी साबणाने धुऊन मग ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ धुवा. गाद्या, खेळणी, खाजवायचा खांब टाकून द्या. नवं मांजर आणायचं झालं तर ते पूर्ण लसीकरण झालेलंच आणा, आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी आणायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.