घराची वीज-तपासणी करून घेताय? मग आधी एवढं तयार ठेवा

परभणीतल्या आमच्या वरच्या खोलीत मे महिन्यात रात्री दहालाही झोपवत नसे. पंखा लावला की वरून गरम झळच अंगावर यायची. दोन उन्हाळ्यांत आम्ही कूलर बदलला, पंखा बदलला, तरी फरक पडेना. शेवटी घरात उष्णता कुठून येते आणि वीज कुठे जाते हे बघणाऱ्या तपासणीवाल्याला बोलावलं. त्यानं उष्णता दाखवणारा कॅमेरा छताकडे धरला तेव्हा पडद्यावर सगळा स्लॅब पिवळाधमक दिसला, आणि एका कोपऱ्यात मात्र निळसर चौकोन. त्या जागेवर गच्चीत पाण्याची टाकी आहे. जिथे ऊन पोचत नव्हतं तिथला स्लॅब गार होता. दुखणं कूलरचं नव्हतंच. ही तपासणी नीट व्हावी म्हणून घरानं आधी काय करून ठेवावं, ते आमच्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. तपासणी एप्रिल-मेमध्येच घ्या, दिवाळीनंतर नको. आतबाहेरच्या तापमानात चांगला फरक असल्याशिवाय कॅमेऱ्यात काही नीट उमटत नाही. छत बघायला संध्याकाळी ऊन उतरल्यावर बोलवा, कारण दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब तेव्हा खाली सोडत असतो. माझ्या आजोळी जाड मातीचं माळवद होतं, त्याखाली दुपारी सतरंजी टाकून झोपायचो. ते घर आठवलं की स्लॅबचा हा दोष चटकन समजतो. माणूस निवडताना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेची परीक्षा झालेला प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहे का, हे विचारा. कॅमेरा, वायरीतून किती वीज जाते ते मोजणारा क्लॅम्प मीटर, आर्द्रता मोजायचं यंत्र यातलं काय काय आणणार, हेही फोनवरच विचारून घ्या.

मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं काढून ठेवा. फक्त रुपयांकडे बघू नका, युनिट बघा. फेब्रुवारीचे युनिट मेच्या युनिटांतून वजा केले की गारव्यासाठी किती वीज जाते याचा ढोबळ अंदाज येतो. कोणत्या महिन्यात पाहुणे होते, कधी बोअरची मोटार जास्त चालली, हे बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर आवरू नका. म्हणजे केर काढा, पण कूलर रोज जिथे असतो तिथेच राहू द्या, फ्रीज भिंतीला चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या, पडदे नेहमीसारखे ठेवा. तपासणीवाल्याला तुमचं रोजचं घर दिसलं पाहिजे. हलवायचं एवढंच की मीटर, मेन स्विच आणि गच्चीचा जिना यांच्यापुढचं सामान, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट. आमच्या कपाटामागची भिंत हाताला चुलीजवळच्या भिंतीसारखी लागली होती.

इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवा. घरातलं सगळं बंद करून मीटर बघायची एक चाचणी असते, तेव्हा बॅटरी चार्ज होत असेल तर आकडा फसवा येतो. त्या वेळी इन्व्हर्टरच्या प्लगचंही बटण बंदच करा. सगळं बंद असूनही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी जातेय. तिथे वायरमनला बोलावण्यात एक दिवसाचाही उशीर करू नका, कारण हा प्रश्न बिलापेक्षा जिवाचा आहे.

ज्या घरात एसी आहे, तिथे हवा गळण्याची चाचणी करून घ्यावी. दाराला कापडी चौकट लावून मोठ्या पंख्यानं आतली हवा बाहेर ओढतात, आतबाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक ठेवतात आणि फटींतून किती हवा शिरते ते मोजतात. त्याआधी खिडक्या लावून घ्या, गॅस बंद ठेवा, देवघरातला दिवा शांत होऊ द्या. मागच्या बाजूला चूल असेल तर विझवून राखही काढा, नाहीतर ती घरभर उडेल. निव्वळ कूलरवर चालणाऱ्या घरानं या चाचणीवर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. कूलरला समोरची खिडकी उघडी लागतेच, दमट हवा बाहेर गेली नाही तर खोली चिकट होते.

उपकरणांवरच्या स्टार लेबलचे फोटो काढून ठेवा, आणि लेबलवरचं वर्षही फोटोत येऊ द्या. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे आजचे पाच नसतात. पंखे मोजा. साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला 15 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे हा फरक रोज अर्ध्या युनिटाहून जास्त पडतो. गीझर किती वर्षांचा आहे तेही सांगा, बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्या कॉईलवर थर धरतात.

त्या दिवशी घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त वेळ घरी असतं, ते हजर हवं. आमच्याकडे तपासणीवाल्यानं आईलाच विचारलं, आणि दुपारी तीनला कोणत्या कोपऱ्यात बसवत नाही ते तिनं बरोबर दाखवलं. यंत्रानं नंतर तोच कोपरा तापलेला दाखवला. नंतर आम्ही गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. वरच्या खोलीचं रात्री नऊचं तापमान आता आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहिते, पुढच्या मेमध्ये तोच माणूस, तोच कॅमेरा परत येणार आहे.