मृत्युस्पर्धेची भयकथा: खेळ आधी कागदावर खेळा

बारा माणसं, तीन खेळ, एक रात्र. दिवाळी अंकात जाईल अशा सहा-सात हजार शब्दांच्या कथेला एवढं पुरतं. माणसं वाढवली की मेला तो नेमका कोण, हे बघायला वाचक मागची पानं चाळू लागतो, आणि पानं चाळणारा वाचक घाबरत नाही. बाराजणांतही नावं पाचांनाच द्या. बाकीच्यांना खुणा पुरेत: घसा बसलेला, चपलेचा अंगठा तुटलेला, सारखा घड्याळ बघणारा.

जागा म्हणून पावसाळ्यातला साखर कारखाना घ्या. गळीत हंगाम संपलेला, आवारात चिटपाखरू नाही, पत्र्यावर पाऊस इतका की ओरडलेलं शेजारच्यालाही ऐकू येत नाही. गव्हाण, चिमणी, मळीच्या टाक्या सगळं आयतं मिळतं. 'मोबाइलला रेंज नव्हती' ही सबब मात्र आता कुणी मानत नाही. फोन खेळाडूंनी स्वतःच्या हातांनी जमा करायला हवेत, बिल्ल्याच्या बदल्यात. ते पळून का जात नाहीत, याचं उत्तरही कुलपात नको, कर्जात किंवा लाजेत हवं. दक्षिण कोरियाच्या 'स्क्विड गेम' या मालिकेत (२०२१) पहिल्या खेळानंतर उरलेले २०१ जण मतदान करतात, १०१ विरुद्ध १०० मतांनी खेळ थांबतो, सगळे घरी जातात. आणि त्यातले बहुतेक आपल्या पायांनी परत येतात. दार उघडं ठेवण्यात काय ताकद असते ते तिथे दिसतं.

आता पहिला खेळ, फळ्यांचा पूल. खोल टाकीवर फळ्यांच्या बारा जोड्या. प्रत्येक जोडीत एक फळी पक्की, एकीखाली सैल खिट्टी. बाराजण ओळीने जाणार. पुढचा पडला की मागच्यांना त्या जोडीतली पक्की फळी कळते. इथे बहुतेक लेखक अंदाजाने माणसं मारतात आणि फसतात, कारण हिशोब सरळ आहे. प्रत्येक जोडीवर चुकण्याची शक्यता निम्मी, म्हणजे बारा जोड्यांत सरासरी सहा बळी. पहिल्या क्रमांकाचा माणूस पार होण्याची शक्यता ४०९६ मध्ये १. शेवटचा मरण्याची शक्यताही तेवढीच. पाचवा सुमारे १९ टक्के वाचतो, सहावा ३९, सातवा ६१, आठवा ८१.

म्हणून नायकाला पहिला क्रमांक देऊन वाचवू नका. वाचकाला लेखकाचा हात दिसतो. बारावाही नको, त्याला भीतीच नाही. सहावा द्या. आणि क्रमांक वाटतानाचा प्रसंग पुलापेक्षा लांब लिहा. सातव्याचा बिल्ला सहाव्याला हवा असतो, आणि दोघांनाही ते कळत असतं.

वाचक पहिला प्रश्न विचारणार: चप्पल फेकून फळी तपासली तर? दगड बांधून सोडला तर? त्याचं उत्तर नियमातच द्या: खिट्टी माणसाच्या वजनालाच सुटते, वीस-पंचवीस किलोला नाही. दुसरा प्रश्न: कुणी पाऊलच उचललं नाही तर? त्यासाठी घड्याळ लागतं. वीस मिनिटं द्या आणि दर पाच मिनिटांनी पाळी बदलीचा भोंगा वाजवा. वेळ दहा मिनिटांवर आणली तर सगळे धावत सुटतात, विचार करायला कुणी थांबत नाही आणि संवादाला जागा उरत नाही. पक्की फळी विसरल्यामुळे होणारा मृत्यू एकच ठेवा. तो सगळ्यात वाईट वाटतो, दुसऱ्यांदा मूर्खपणा वाटतो.

मधल्या खेळात कुणीही मरू नये. इथे विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य तो विष देतो, विष मिळालेला जागीच थिजतो, दुसऱ्याने येऊन हात लावला की अमृत. अमृत द्यायला जाणारा स्वतः पकडला जाऊ शकतो, एवढंच पुरे. सहाजण सुटतात सगळे, पण कोण कुणासाठी धावलं नाही हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. यातच एखाद्याच्या तोंडून सवयीने 'टॅम्प्लीज' निघू द्या. नियमात त्याला जागा नाही, आणि त्यावर कुणी हसतही नाही.

शेवटचा खेळ गोल उभं राहून चकण्याचा, म्हणजे मोजत मोजत एकेकाला बाद करण्याचा. त्याची मुळं जुनी आहेत: इ.स. ६७ मध्ये रोमन फौजेने गालिलातल्या योडफत गावाला घातलेल्या वेढ्यात जोसेफस हा ज्यू सेनानी चाळीस साथीदारांसह गुहेत अडकला, शरण जाण्यापेक्षा एकमेकांना मारायचं ठरलं, आणि चिठ्ठ्यांच्या क्रमात तो शेवटपर्यंत उरला. पुढे गणितज्ञांनी त्याचं कोडं केलं: ४१ जण, दर तिसरा मरतो, तर शेवटी उरतात १६वा आणि ३१वा.

तुमच्या कथेत सहाजण आहेत. जागा १ ते ६, ज्याने त्याने आपली निवडायची. मग सगळ्यांसमोर एकच फासा टाकायचा. जो आकडा पडेल तितवा माणूस बाद, पुढच्यापासून पुन्हा मोजायचं, एक उरेपर्यंत. दिसायला याहून न्याय्य काही नाही. प्रत्यक्षात फाशावर १ पडला तर उरतो ६वा, २ पडला तर ५वा, ३ला १ला, ४ला ५वा, ५ला पुन्हा १ला, आणि ६ला ४था. पहिल्या आणि पाचव्या जागेला दोन-दोन संधी. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेला एकही नाही, फासा काहीही पडो.

हे कोष्टक कथेत आधी सांगू नका. सहा बटणं गोल मांडून सहाही वेळा स्वतः मोजा, काढलेल्या बटणाची जागा मोजायची नाही एवढं लक्षात ठेवा. चूक नेहमी तिथेच होते. पुलासाठीही तेच: बारा चिठ्ठ्या, एक नाणं, दहा वेळा खेळा. काही खेपांना चार मरतील, काहींना आठ. शेवटच्या खेळाला सहा हवेत, म्हणून बरोबर सहा बळींची खेप निवडा (फळी विसरून मरणारा ठेवलात तर पाच बळींची) आणि ती जशीच्या तशी लिहा, आवडतं पात्र गेलं तरी.

फासा पहिल्याच पानावर दिसायला हवा, पहारेकऱ्याच्या हातात उगाच खेळवलेला. शेवटी खिशातून काढलात तर ती लबाडी. मृत्यूचं वर्णन दोन ओळींत आटपा: खिट्टीचा खटका, मग खालून येणारा आवाज, किंवा न येणारा. जागांचं गणित कळलेलं एकच पात्र ठेवा, आणि ते कळेपर्यंत १ आणि ५ दोन्ही जागा भरलेल्या असू द्या. विषामृतात ज्याच्यासाठी कुणी धावलं नव्हतं, तो आधीच पाचव्या जागेवर उभा असेल तर फासा पडण्याआधीची ती दोन पानं तुम्हाला फार खोडावी लागणार नाहीत.