मुलाचं नाव ठेवताय? निदान या चुका तरी टाळा

बारशाच्या आदल्या रात्री फोन येतो. "सर, 'र'वरून एखादं नाव सांगा. छोटं पाहिजे, गावात कुणाचं नसलेलं पाहिजे, आणि अर्थ भारी पाहिजे." नऊ महिने कुणाला सुचलं नाही, आता सकाळपर्यंत सगळं हवं. मी शाळेत संस्कृत शिकवायचो, म्हणून परभणीपासून अंबाजोगाईपर्यंतच्या पाहुण्यांना मी नावांचं दुकान वाटतो.

पहिली आणि सगळ्यांत चीड आणणारी चूक म्हणजे मोबाइलवर दिसलेला अर्थ खरा मानणं. 'आरव'चा अर्थ तिथं बिनदिक्कत 'शांत' असा दिलेला असतो. अहो, रव म्हणजे आवाज. पाखरांचा कलरव शाळेच्या कवितेतही असतो. आवाज नाही तो नीरव. आरव म्हणजे उलट आवाज, आरडाओरडा. नाव ठेवायला हरकत नाही, पोरगं घर डोक्यावर घेणारच आहे. पण पत्रिकेवर 'शांत' छापू नका. 'अनिकेत'चंही तेच. 'जगाचा स्वामी' असा अर्थ फिरतो. निकेत म्हणजे घर, आणि ज्याला घर नाही तो अनिकेत. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं लक्षण म्हणून हा शब्द आलाय, तेव्हा मान मोठाच आहे. फक्त फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या बापाला हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मग ती 'आंश'ची साथ. शिवांश, रुद्रांश, दिव्यांश ही नावं सरळ फुटतात: शिव आणि अंश, रुद्र आणि अंश. गंगाखेडकडच्या एका बारशात मात्र बापानं 'रेयांश' ठरवलं होतं. फ्लेक्सही लागला होता, खाली बारीक अक्षरात 'सूर्यकिरणाचा अंश'. मुलाचे आजोबा भजनातले, शब्द चघळायची सवय. पंगतीत त्यांनी विचारलं, "आरं, रेय म्हंजी काय?" बाप मोबाइल चाळायला लागला. सूर्याला संस्कृतात रवी आहे, भानू आहे, दिनकर आहे, मार्तंड आहे. रेय काही सापडेना. शेवटी चुलत्यानं शोध लावला की तो इंग्रजी शाळेतला 'रे' असावा. तोवर वरण गार झालं. आज ते लेकरू रांगतंय, कागदावर रेयांश आहे आणि आजी त्याला रेवाश्या म्हणते.

माझी सवय साधी आहे. नाव मधून तोडायचं आणि दोन्ही तुकडे जाड शब्दकोशात शोधायचे. एक जरी सापडला नाही तरी नाव बाद. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला अंगणातून हाक मारायला लावायची. जीभ अडखळली तर पुन्हा विचार करायचा. याला दोन दिवस लागतात, आणि दोन दिवस कुणालाच नसतात.

नक्षत्राच्या अक्षरावर अडून बसू नका. हस्त नक्षत्राच्या चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. 'ण'वरून नाव सांगा बघू! जन्मनाव पत्रिकेत राहू द्यावं, हाकेचं वेगळं ठेवावं. आपल्याकडं पूर्वापार तसंच चालत आलंय.

'मल्हार' म्हणजे फक्त पावसाचा राग नव्हे. घरात खंडोबा कुलदैवत असेल तर ते मल्लारी आहे, मल्ल दैत्याचा अरी.

आजोबांच्या नावाला हसणारी नातवंडं मला सहन होत नाहीत. दगडू, धोंडिबा, कचरू ही नावं आईबापानं चिडून ठेवलेली नाहीत. लेकरं जगत नव्हती, तेव्हा दृष्ट लागू नये, काळाला हे पोर टाकाऊ वाटावं, म्हणून मुद्दाम ठेवलेली आहेत. दुसरीकडं काही जण साहेबराव, दौलतराव, हैबतराव ही नावं ओढूनताणून संस्कृत ठरवतात. साहेब, दौलत, हैबत हे शब्द अरबी आहेत. गुलाब फारसी, गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. 'राव' आपला. यात लाजण्यासारखं काय आहे? वेरूळच्या मालोजीराजांनी शहाशरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी आख्यायिका आपणच सांगतो ना?

घाईचं कारण म्हणून लोक दाखल्याकडं बोट दाखवतात. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची नव्हे. नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत फी न भरता टाकता येतं. पण टाकाल ते स्पेलिंग एकदाच ठरवून टाका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढं जन्मदाखलाच लागतो. एका घरात नाव अद्वैत, पण दाखल्यावर व्ही आणि आधारवर डब्ल्यू. कोणतं अक्षर घ्यायचं ते नवराबायकोनं घरी भांडून ठरवावं, ग्रामसेवकाच्या टेबलापुढं नव्हे.