तानपुऱ्याच्या कसोटीवर टर्नटेबल: मध्यम खर्चात निवड कशी करावी

रागसंगीताच्या लाँग प्ले तबकड्या ऐकण्यासाठी टर्नटेबल घ्यायचे असेल, तर दुकानात जाताना तानपुरा स्पष्ट ऐकू येतो अशी, कानाला पूर्ण ओळखीची एक तबकडी बरोबर न्यावी. वाद्यवृंदाच्या गजरात गतीचे दोष लपून जातात. तानपुऱ्याच्या अखंड षड्जात मात्र गती किंचित डळमळली तरी स्वर हेलकावतो, आणि तो हेलकावा एकदा कानात भरला की गाण्यात मन लागत नाही. साधारण चाळीस ते साठ हजार रुपये खर्च करण्याची तयारी असलेल्या श्रोत्याने पैसा आधी स्थिर गतीवर आणि टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर घालावा, असे माझे ठाम मत आहे. कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचा विजेचा संकेत बनवणारा भाग) आणि सुई पुढे केव्हाही बदलता येतात. या किमतीच्या यंत्रांत आर्म बदलणे सहसा परवडत नाही.

गती तपासण्यासाठी उपकरण लागत नाही. लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या घेते. तबकडीच्या लेबलावर कागदाचा लहान कपटा ठेवावा, सुई टेकवावी आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजाव्यात. १०० ऐवजी १०३ भरल्या, तर पेटीवरच्या काळी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळजवळ मधोमध गेलेला असतो. अशा यंत्रावर गाण्याबरोबर पेटी किंवा तानपुरा जुळवून रियाज करणे अशक्य होते.

परदेशातून नातेवाइकांकरवी जुने यंत्र आणवणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. माझ्याकडे अमेरिकेतून आलेले एक पट्ट्याचे (मोटर पट्ट्याने थाळी फिरवते असे) टर्नटेबल ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केले, तेव्हा पांढरी चारचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. तिकडे ती ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्याने, त्या वारंवारतेवर चालणारी सिंक्रोनस मोटर एक षष्ठांश गती गमावते. मोटरची पुली ५० हर्ट्झची मिळत असेल तरच असे यंत्र घ्यावे.

पट्टा चांगला की डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळी फिरवते ती पद्धत), या वादात फार अडकू नये. दोन्ही पद्धतींत उत्तम यंत्रे आहेत. रेगा प्लॅनर २ हे पट्ट्यावर चालते, त्याचा आर्म या वर्गात फार चांगला आहे, पण मिनिटाला ४५ फेऱ्यांसाठी पट्टा हाताने पुलीच्या दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो आणि ७८ फेऱ्यांची सोय नाही. ऑडिओ-टेक्निका एलपी१२० एक्स यूएसबी हे डायरेक्ट ड्राइव्हचे यंत्र तिन्ही गती देते. घरात बालगंधर्व किंवा केसरबाई केरकर यांच्या ७८च्या तबकड्या जपलेल्या असतील, तर मी दुसऱ्याकडे झुकेन. त्या तबकड्यांची खाच रुंद असते. सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी सुई हवी, लाँग प्लेची १८ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घासत राहते.

आता आर्म. सुईचा भार आणि अँटी-स्केटिंग (आर्मची आतल्या बाजूची ओढ रोखणारी सोय) शून्यावर ठेवून मागचे वजन असे फिरवावे, की आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल. मग हलकी फुंकर घालावी. तो न अडखळता सरकला पाहिजे. त्यानंतर हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला भाग) दोन बोटांत धरून अगदी हळुवारपणे पुढे-मागे ढकलून पाहावे. बोटांना बारीक कट्‌कट जाणवली तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, आणि असा आर्म कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. खाचेतील नागमोडी वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी सूक्ष्म असतात. आर्मच त्याहून जास्त हलत असेल, तर सुई ती वळणे नीट वाचणार कशी?

आर्म आणि कार्ट्रिज यांचे जमणेही पाहावे लागते: दोघांची मिळून एक स्वाभाविक कंपनसंख्या (रेझोनन्स) असते, ती अशी काढावी. आर्मचे प्रभावी वस्तुमान (हलताना सुईपाशी जाणवणारे) आणि स्क्रूंसह कार्ट्रिजचे वजन यांची ग्रॅममधील बेरीज कार्ट्रिजच्या लवचिकतेच्या (सुईची दांडी किती सहज हलते याच्या) आकड्याने गुणावी, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ला त्याने भागावे. ११ आणि ७ मिळून १८, लवचिकता १४, तर उत्तर १० हर्ट्झ येते. ८ ते १२ हे आदर्श: त्याखाली वाकड्या तबकडीचे झोके येतात, २०च्या वर संगीत सुरू होते. काही जपानी कंपन्या लवचिकता १०० हर्ट्झला मोजतात. या सूत्रासाठी तो आकडा साधारण पावणेदोन पट धरावा.

फोनो प्रीॲम्पसाठी (कार्ट्रिजचा संकेत वाढवणाऱ्या उपकरणासाठी) पैसे बाजूला ठेवावेत, कारण कार्ट्रिजचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. ॲम्प्लिफायरमध्ये किंवा टर्नटेबलमध्येच ती सोय असेल तर हा खर्च वाचतो. सुईचा भार मोजणारा लहान डिजिटल काटा मात्र अवश्य घ्यावा. भार कमी ठेवल्याने तबकडी जपली जाते हा समज चुकीचा आहे: हलकी सुई खाचेत उसळते आणि तिच्या भिंती खरवडते, म्हणून कंपनीने १.८ ग्रॅम सांगितले असतील तर काट्यावर १.८च दिसले पाहिजेत.