जुलैची यादी आणि मिसळीची पैज

घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर संवादलेखकाची सहायक म्हणून लागले, तेव्हा आमचा निकाल दर गुरुवारी लागायचा. टीआरपी चढला की एपिसोड झकास, पडला की 'लिखाणात दम नाही'. वर्षभर हे ऐकल्यावर चांगलं लिखाण कशाला म्हणायचं, हे मलाच सांगता येईना. त्याच सुमारास आम्हा चौघांना ठाण्यातल्या तलावपाळीवर बसून एमी या टीव्ही पुरस्कारांच्या लेखन विभागाची नामांकनं ओळखायची खोड लागली. ज्याची यादी सगळ्यात जास्त चुकेल त्याने मामलेदारची मिसळ द्यायची. पटकथा शिकायला आलेल्या नव्या मुलांना मी हाच खेळ खेळायला लावते.

आधी एक घोळ निस्तरू. 'दिल्ली क्राइम'ला २०२० मध्ये मिळाला तो आंतरराष्ट्रीय एमी. तो वेगळा, आणि अख्ख्या मालिकेला मिळालेला. आपण बोलतोय अमेरिकेतल्या प्राइमटाइम एमीबद्दल. त्यात १ जून ते ३१ मे या काळातलं काम धरतात, नामांकनं जुलैत जाहीर होतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. सोहळा एरवी सप्टेंबरात. (२०२३ चा मात्र लेखक-कलाकारांच्या संपामुळे जानेवारी २०२४ वर गेला.)

आता मुद्द्याचं. ड्रामा आणि कॉमेडीत लेखनाचं नामांकन मालिकेला नसतं, एका भागाला असतं. आणि मत देतात ते हे पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीतले लेखकच. ही दोन वाक्यं मला पहिल्या वर्षी कुणी सांगितली असती, तर माझे मिसळीचे पैसे वाचले असते.

२०२४ ला मी आपल्या सवयीने ज्या मालिकांची हवा होती त्यांची नावं लिहून टाकली. भाग कुठला, ते पाहिलंच नाही. ड्रामाची यादी आली तर त्यात 'शोगन', 'फॉलआउट' आणि 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' या तिन्हींचे पहिलेच भाग! मग डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या भागात लेखकाला जग, माणसं आणि त्या जगाचे नियम सगळं तासाभरात उभं करायचं असतं, आणि लेखकाचे हे कष्ट लेखकालाच कळतात. आपल्याकडेही मालिकेच्या पहिल्या आठवड्याचेच ड्राफ्ट सर्वांत जास्त होतात. पुढे बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, संपली की सीन सकाळी लिहून दुपारी शूट.

शिवाय 'शोगन'ने त्या वर्षी एकूण १८ एमी नेले, पण ड्रामा लेखनाचा गेला 'स्लो हॉर्सेस'ला. 'शोगन'चे दोन भाग नामांकनात होते, म्हणून आमच्यातला एक जण लगेच, "मतं फुटली!" मी त्याला २००९ चं सांगितलं. तेव्हा पाच नामांकनांपैकी चार एकट्या 'मॅड मेन'ची होती, तरी पुरस्कार त्यांनाच मिळाला. तेव्हा असले ठोकताळे ऐका, पण त्यांच्यावर मिसळ लावू नका. आणि आज ज्या 'द वायर'च्या लिखाणाचे गोडवे सगळे गातात, तिला पाच सीझनमध्ये लेखनाची दोनच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. 'उत्तम काय' आणि 'नामांकन कशाला मिळेल' हे दोन कागद वेगळे ठेवायचे ते यासाठी.

तर कागद घ्या. जूनमध्ये मतदानासाठी आलेल्या नोंदींची यादी बाहेर येते. कोणत्या मालिकेने कुठला भाग पाठवलाय ते त्यातून टिपा. मग प्रत्येक भागापुढे एकच वाक्य लिहा: दिग्दर्शक, नट, संगीत काढून घेतलं तर कागदावर काय उरतं? 'अभिनय छान' असं लिहिलंत तर खोडा.

'सक्सेशन'चा वडील जातात तो भाग घ्या. त्याचा लेखक जेसी आर्मस्ट्राँग, त्याला त्यासाठी लेखनाचा एमी मिळाला. शेवटच्या सीझनच्या दहापैकी तिसऱ्याच भागात हा मृत्यू, आणि तोही जवळजवळ सगळा फोनवर. वडील विमानात, मुलं लग्नाच्या बोटीवर. पलीकडे नेमकं काय चाललंय ते मुलांना कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि ती बिचारी कानाशी लागलेल्या फोनमध्ये काहीबाही बोलत राहतात. माहिती कुणाकडे, किती आणि कधी, हे सगळं लेखकाने ठरवलंय. मी हा भाग आधी आवाज बंद करून पाहिला, मग नुसता ऐकला, मग सीनवार वनलाइनर, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं ते एका ओळीत, लिहून काढली. आमच्या मालिकेत आजोबा गेले तेव्हा तीन एपिसोड नुसत्या चेहऱ्यांवर झूम चालले होते, हे आठवून जरा लाजही वाटली.

पुरस्कारांच्या मोसमात काही पटकथा इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्या भाग पाहण्याआधी वाचा. उलट केलंत तर डोळ्यांसमोर नटच येतो, वाक्य दिसतच नाही.

कॉमेडीत माझा हात अजून बसलेला नाही. तिथेही पहिल्या भागाचं वजन दिसतं: 'हॅक्स' २०२१, 'अ‍ॅबट एलिमेंटरी' २०२२, दोन्ही पहिलेच भाग जिंकले. पण 'शिट्स क्रीक'ला २०२० मध्ये मिळाला तो शेवटच्या भागाला.

२०२५ ला मी पहिल्या भागांच्या इतकी आहारी गेले की 'द पिट'मधला फक्त सकाळी सातचा, म्हणजे पहिला भाग धरला. त्या मालिकेत एकेक भाग म्हणजे इमर्जन्सी वॉर्डातला एकेक तास. सातचा आला, पण दुपारी दोनचाही आला. चार मिसळ माझ्या खात्यावर, त्यातली एक कमी तिखट.