सेकंदांचे तास आणि मिनिटे करा: पायथॉनचा पहिला सराव

एकूण सेकंद दिले की त्यांतून तास, मिनिटे आणि उरलेले सेकंद काढायचे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) शिकताना दोन संख्यांची बेरीज करत बसण्यापेक्षा हा सराव बरा, कारण इथे एका ओळीचे उत्तर पुढच्या ओळीला लागते.

आधी कागदावर करा. 7384 ला 3600 ने भागले की भागाकार 2, बाकी 184. त्या 184 ला 60 ने भागले की 3, बाकी 4. म्हणजे 2 तास, 3 मिनिटे, 4 सेकंद. सरावाला 3661 घेऊ नका. तिन्ही उत्तरे 1 येतात आणि अदलाबदल झाली तरी कळत नाही.

आता पायथॉन 3 चा शेल (लिहिलेली ओळ लगेच चालवून दाखवणारी खिडकी) उघडा आणि >>> या खुणेपुढे एकेक ओळ लिहून एंटर दाबा. व्हेरिएबलची नावे देवनागरीत चालतात, पण अंक 0 ते 9 असेच हवेत. ७३८४ लिहिलेत तर एरर येईल. नावात जागा सोडायची नाही, लागलीच तर अंडरस्कोर (_) वापरा.

एकूण = 7384
तास = एकूण // 3600
बाकी = एकूण % 3600
मिनिटे = बाकी // 60
सेकंद = बाकी % 60

// पूर्णांकी भागाकार देतो, % बाकी देतो. शेवटी एवढेच लिहा:

तास, मिनिटे, सेकंद

(2, 3, 4) दिसले की जमले.

तास 2.05 च्या आसपास आले, तर तुम्ही एकच तिरकी रेघ दिली आहे. ती नेहमी दशांशातच उत्तर देते. 7200 / 3600 सुद्धा 2.0 येते. मिनिटे 123 आली, तर चौथ्या ओळीत ‘बाकी’ऐवजी ‘एकूण’ला भागले गेले. ही चूक सहज होते.

= या चिन्हाकडे मात्र नीट बघा. गणितातली बरोबरी इथे नाही. उजवीकडचा हिशोब आधी होतो आणि आलेले उत्तर डावीकडच्या नावात ठेवले जाते; हा हिशोब त्या क्षणी एकदाच होतो. नंतर एकूण = 5000 केले तरी ‘तास’ 2 च राहतात; खालच्या चारही ओळी पुन्हा चालवाव्या लागतात.

उत्तर उलटे पडताळा:

तास * 3600 + मिनिटे * 60 + सेकंद == एकूण

== दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते तपासतो. True (ट्रू, म्हणजे खरे) यायला हवे. मग 0, 59, 60, 3599 आणि 3600 देऊन बघा. चुका बहुधा अशा काठावरच्या संख्यांना सापडतात.

-1 दिले तर -1 तास, 59 मिनिटे, 59 सेकंद येतात, कारण // नेहमी खालच्या पूर्णांकाकडे उतरतो. वरची पडताळणी तेव्हाही ट्रूच सांगते. म्हणून ऋण संख्या हिशोबाला घेण्याआधीच नाकारा.